बिनचासीची गाडी

अमेरिकन गाड्यांविषयी हळवं होऊन बोलणारी माणसं मला सहन होत नाहीत. त्यातल्या निम्म्यांनी त्या गाडीखाली कधी पाठ टेकलेली नसते. लांबलचक बॉनेट, मागचे पंख, लखलखता बंपर एवढं बघून ती खूष. गाडी कशी बांधली आहे ते वरून कळत नाही. त्यासाठी जमिनीवर पोतं टाकून उताणं झोपावं लागतं, डोळ्यांत माती आणि तोंडावर काळं तेल घ्यावं लागतं. मी ते तीस वर्षं केलं. पण ज्या एका गाडीखाली मी वेळेवर झोपायला हवं होतं तिच्याखाली झोपलो नाही, आणि त्याची किंमत दुसऱ्याच माणसाने मोजली. ते सांगायचं आहे म्हणून हा विषय काढला.

शिवाजी पेठेत एका तालमीच्या मागच्या बोळात माझी शेड होती. आयटीआयचा कोर्स करून आलो होतो आणि त्याचा मला माज होता, हे आधीच कबूल करतो. साठच्या दशकाच्या शेवटाला संस्थानी थाट संपला होता, सिनेमावाल्यांचे दिवस फिरले होते, आणि त्यांच्या दारातल्या मोठमोठ्या अमेरिकन गाड्या उतरत उतरत वडापवाल्यांच्या हाती येत होत्या. वडाप म्हणजे स्टँडबाहेर हाळी देऊन माणसं गोळा करायची, सहाजणांच्या गाडीत बाराजण कोंबायचे आणि गडहिंग्लज नाहीतर गारगोटी गाठायची. पण या गाड्या पेट्रोल पाण्यासारखं पीत. म्हणून त्यांचं मूळ इंजिन काढून तिथे मालट्रकचं जुनं डिझेल इंजिन बसवायची रीत आमच्याकडे पडली. त्यात माझा हात बसला होता.

इंजिन मी बसवायचो, पण ते ज्या लोखंडावर बसायचं ते लोखंड जोडणारा माणूस भिंतीपलीकडे होता. सगळा बोळ त्यांना चाचा म्हणायचा. पत्र्याचं काम आणि वेल्डिंग यात त्यांच्यासारखा माणूस कोल्हापुरात नव्हता. वयाने माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे. मला ते ‘इंजिनेर’ म्हणत, आणि त्यात किती कौतुक आणि किती चेष्टा हे मला कधी नीट कळलं नाही. त्यांचा मुलगा माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान, लग्न झालेला, बापाच्या हाताखाली तयार होऊन स्वतः जोड मारायला लागलेला. शेड पुढे तोच चालवणार, हे सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं.

आमच्या बोळात गाड्यांच्या कंपन्यांची नावं कुणी घेत नसे. गाडीला तिचं म्हणून एक नाव पडायचं. पहिली जी आम्ही दोघांनी मिळून डिझेलवर केली तिला ‘म्हातारी’ म्हणत. दुसऱ्या महायुद्धानंतर लगेचची, चार दारांची, पाठीवर कुबड असल्यासारखी गोल. तिचा पत्रा इतका जाड की चाचांनी बोटाच्या पेराने वाजवला तर भिंतीवर वाजवल्यासारखा आवाज यायचा. मडगार्डचा एक सांधा त्यांनी गरम केला तेव्हा आतून शिसं ओघळलं. पत्र्याच्या दोन तुकड्यांमधली फट कारखान्यात शिसं ओतून भरून, कानशीने घासून सपाट केलेली होती. चाचा बराच वेळ तिथेच उकिडवे बसून राहिले. कुणा परक्या देशातल्या, आपल्याच जातकुळीच्या माणसाची ओळख पटावी तसा त्यांचा चेहरा झाला होता. खाली चासी होती, म्हणजे दोन जाडजूड लोखंडी तुळया, गाडीच्या नाकापासून शेपटापर्यंत सरळ गेलेल्या. वरचं सगळं घर त्या तुळयांवर बोल्टांनी नुसतं ठेवलेलं.

चालवायला मात्र ती बैलासारखी होती. गिअरचा दांडा स्टेअरिंगला, आणि स्टेअरिंग एवढं मोठं की वळण घेताना अर्धं अंग बरोबर फिरायचं. तवंदीचा घाट चढताना दुसऱ्या गिअरमध्ये ती आपल्या गतीने कुरकुरत जायची. मागचे स्प्रिंगचे पाटे बसून गेलेले, टपावर गुळाच्या ढेपा, पायापाशी कोंबड्या, आणि माझ्या मांडीला मांडी लावून कुणीतरी अनोळखी पावणं. पण तिच्यात बसलेल्या माणसाला कधी भीती वाटली नाही. दार लावलं की एकदाच ठप्प असा आवाज व्हायचा आणि बाहेरचं जग बाहेर राहायचं. ब्रेक दाबल्यावर ती थांबायची ते मात्र पुढच्या गावात, हेही सांगायला हवं.

मग तांबडी आली. गडहिंग्लजच्या एका गूळ-व्यापाऱ्याने ती मुंबईहून आणली. ते घरात कन्नड बोलत आणि पेठेत मराठी, आणि सगळे त्यांना अण्णा म्हणत. परदेशी कचेरीतल्या कुणा साहेबाची ती गाडी, तीन हातांतून फिरून आलेली. दोनच दारं, आठ सिलिंडरचं इंजिन, आणि स्टेअरिंग डावीकडे. ती बोळात शिरली तेव्हा तालमीतली पोरं आपल्या फुटबॉल संघाची भांडणं सोडून रस्त्यावर आली. उभ्या गाडीचं इंजिन नुसतं चालू होतं तरी आमच्या शेडचे पत्रे थरथरत होते.

अण्णांनी मला ती कागलपर्यंत चालवायला दिली. त्या अर्ध्या तासाइतकी धुंदी मला आयुष्यात दारूनेही आली नाही, आणि दारूचा अनुभव मला आहे. पायाखालचा पेडल थोडा दाबला की मान मागे जायची आणि पाठ सीटला चिकटायची. उसाच्या गाड्या पुढे असल्या की पंचाईत व्हायची, कारण मी डावीकडे बसलेलो, मला समोरचा रस्ता दिसेना. उजवीकडे बसलेल्या अण्णांनी मान बाहेर काढून बघायचं आणि ‘हाण’ किंवा ‘थांब’ म्हणायचं. एकदा ते ‘हाण’ म्हणाले आणि समोरून एसटी आली. आम्ही दोघंही परत येईपर्यंत गप्प होतो, आणि परत आल्यावर दोघांनीही गाडीची तोंड भरून स्तुती केली.

चाचांना तांबडी आवडली नाही. त्यांनी पत्रा वाजवला आणि तोंड वाकडं केलं. एका दाराच्या फटीत बोट जात होतं, दुसऱ्या दाराच्या फटीत नखही जात नव्हतं. डॅशबोर्डला म्हातारीत लोखंड होतं, इथे प्लास्टिक. आमचा यावर आठवडाभर वाद चालला. मी म्हणायचो, गाडी पळण्यासाठी असते, पत्रा वाजवण्यासाठी नव्हे. ते म्हणायचे, पळणारं काहीही पळतंच, ते उद्या कसं उभं राहतंय ते बघायचं. आज मला वाटतं, आम्ही दोघंही बरोबर होतो. म्हातारी बांधणाऱ्याने ती पन्नास वर्षं टिकावी म्हणून बांधली होती. तांबडी बांधणाऱ्याला एवढंच ठाऊक होतं, की घेणाऱ्याचं वय पंचवीस आहे आणि त्याला आज संध्याकाळी मजा करायची आहे. त्यात वाईट काही नाही. वाईट एवढंच, की दुसरीला पहिलीचं काम सांगायला गेलो आम्ही.

कारण मग पेट्रोलचे भाव भडकले. अण्णांसारखा माणूससुद्धा गाडी झाकून ठेवायला लागला. एक दिवस ते आले आणि म्हणाले, हिच्यातही डिझेल बसवा, दसऱ्याला आईला घेऊन अंबाबाईला यायचं आहे. मी हो म्हणालो. एवढ्या गाड्या केल्या होत्या, ही एक आणखी. गाडीखाली न जाताच मी हो म्हणालो.

खाली चाचा गेले. बऱ्याच वेळाने बाहेर आले, हात पुसले आणि अण्णांच्या समोरच म्हणाले, “इंजिनेर, ह्या गाडीला चासी न्हाय.”

मी हसलो. चासी नसलेली गाडी असते हे आमच्या कोर्समध्ये कुणी शिकवलं नव्हतं. चाचांनी समजावून सांगितलं. पुढे इंजिनाखाली दोन लहान दांडे आहेत, ते बसणाऱ्याच्या पायापाशी येऊन संपतात. तिथून मागे नुसता वळवलेला पत्रा, टप, खांब, तळ, सगळं एकमेकाला धरून उभं आहे. डिझेलचं वजन आणि त्याचा हादरा हा पत्रा सोसणार नाही. बसवायचंच असेल तर आधी खालून पुढपासून मागपर्यंत दोन लोखंडी चॅनेल टाकू, म्हणजे आपणच तिला चासी घालू. तीन आठवडे जास्त लागतील.

तीन आठवड्यांत दसरा होऊन जाणार होता. त्यापेक्षा मला झोंबलं ते हे, की गिऱ्हाइकासमोर एका न शिकलेल्या माणसाने मला गाडी समजावून सांगितली. मी म्हणालो, “पत्र्याचं तुम्ही बघा चाचा, लोखंडाचं मी बघतो.” अण्णा हसले. चाचांचा मुलगा तिथे नव्हता. पुढचं सगळं त्या एका गोष्टीने बिघडलं.

चाचा दोन दिवस आले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले आणि मी सांगितलं तिथे लोखंडी अँगल जोडून दिले. एवढे सुरेख जोड मी त्यांच्याही हातचे आधी पाहिले नव्हते. दसऱ्याला अण्णा आईला घेऊन आले आणि पेढे देऊन गेले. तांबडीचा आवाज आता पिठाच्या गिरणीसारखा येत होता. मला ते खटकलं, पण गाडी चालत होती.

ती एक पावसाळा चालली. त्यानंतर तवंदीच्या घाटात, अण्णांची आई आणि बायको गाडीत असताना, एका खड्ड्यात तिची कंबर मोडली. पुढचे दांडे ज्या पत्र्याला धरून होते तो फाटला, गाडी मध्ये खचली आणि दोन्ही दारं चौकटीत अडकून बसली. दोनच दारं, आणि दोन्ही उघडेनात. अण्णांच्या सत्तरीच्या आईला ऊसतोड्यांनी खिडकीतून ओढून काढली. लागलं कुणाला नाही. पण रस्त्यावर माणसं जमली होती, त्यांचं लुगडं काचेच्या कडेला अडकलं होतं, आणि ज्या बाईच्या डोक्यावरचा पदर तिच्या मुलाने कधी ढळलेला बघितला नव्हता, तिची ती अवस्था सगळ्या घाटाने बघितली.

अण्णांनी गाडी ट्रॅक्टरला बांधून बोळात आणली. सगळा बोळ जमला, तालमीतले वस्ताद आले, चाचा आले, त्यांचा मुलगा आला. अण्णा ओरडले नाहीत. त्यांनी बॉनेटवर हात ठेवून विचारलं, “आईला खिडकीतनं काढली माझ्या. कुणाचं काम ह्ये?”

मी पान्याने एक नट आवळत होतो. तो आधीच आवळलेला होता. तोंड उघडायला मला तीन श्वासांचा वेळ मिळाला असेल. मी उघडलं नाही.

“जोड माझा हाय,” चाचा म्हणाले. “माझ्याकडं बघून बोला.”

आमच्या धंद्यात असं होतं, की काम शेवटी ज्याच्या हातून बाहेर पडलं त्याने त्याचं उत्तर द्यायचं. नको म्हणायचं असेल तर हात लावायचा नाही, लावला की ते आपलं. चाचा ते पाळत होते. पण जोड सुटलाच नव्हता. जोडाशेजारचा पत्रा फाटला होता, जोड जिथल्या तिथे अखंड होता. हे बघायला कुणी खाली वाकलं नाही. ज्याला वाकल्याशिवायही माहीत होतं तो मी होतो. अण्णाही बोलले नाहीत. चॅनेलचं बोलणं त्यांनी ऐकलं होतं, पण त्यातलं किती समजलं होतं कुणास ठाऊक, आणि आईच्या अपमानापुढे त्यांना काही आठवण्याची शुद्ध नव्हती.

संध्याकाळी भिंतीपलीकडून बाप-लेकाचं बोलणं ऐकू आलं. मुलगा बोळात मान वर करून चालत असे, ती त्या दिवशी खाली गेली होती. तो बापाला म्हणाला, “अब्बा, तुमचे डोळे गेलेत. कबूल करा आणि हातातलं खाली ठेवा.” चाचांनी काय उत्तर दिलं ते ऐकू आलं नाही. मी मध्ये फक्त विटांची एक भिंत असताना गप्प बसून राहिलो. मला तेव्हा लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून मी आणखी गप्प राहिलो.

पुढच्या गोष्टी झटपट झाल्या. वडापवाले घाबरट असतात. ज्याच्या जोडाने घाटात दगा दिला त्याच्याकडून ते चासीचं काम कशाला करून घेतील? चाचांकडे बादल्या, पिंपं आणि सायकली येऊ लागल्या. मुलाने चार महिने वाट बघितली आणि बायकोला घेऊन इचलकरंजीला यंत्रमागावर गेला. ईदलाही येईना. मला मात्र गाड्या येत राहिल्या. मी दुसऱ्या एकाकडून वेल्डिंग करून घेऊ लागलो आणि चाचा दिसले की कामात असल्यासारखं दाखवू लागलो. ते मात्र पूर्वीसारखेच ‘काय इंजिनेर’ म्हणत. आता त्यात चेष्टा नव्हती, आणि तेच मला जास्त बोचायचं.

अशी दहा-बारा वर्षं गेली. ऐंशीनंतर जीपा आणि टेम्पो आले, अमेरिकन गाड्या भंगारात जाऊ लागल्या. म्हातारी सगळ्यात शेवटी आली. मालकाला तिचं डिझेल इंजिन विहिरीवर लावायचं होतं, म्हणून ते काढायला तिला माझ्याकडे सोडलं. मी पोतं टाकून खाली झोपलो. कंदिलासारखा एक दिवा आत ओढून घेतला आणि चाचांचा जोड समोर आला. वर्षानुवर्षं बाराजणांचं वजन आणि घाट झेलूनही त्याला केसाएवढी चीर नव्हती. इंजिन सोडवायला तो तोडायचा होता, म्हणून मी छिन्नी लावली. हातोडा मारमारून माझा खांदा भरून आला आणि तो जोड निघेना. शेवटी मी छिन्नी खाली ठेवली आणि गाडीखालीच पडून रडलो. पन्नाशीकडे झुकलेला माणूस, पाय बाहेर आणि धड आत. कुणी बघितलं असतं तर गाडी अंगावर बसली असं वाटलं असतं.

तसाच उठून भिंतीपलीकडे गेलो. चाचा एका घमेल्याला ठिगळ लावत होते. मी उभ्याउभ्याच सांगितलं, की तांबडीचा दोष माझा होता, तुम्ही सांगितलं होतं, मी ऐकलं नाही, आणि त्या दिवशी बोललो नाही.

चाचांनी तोंडापुढची वेल्डिंगची काच वर केली. “मला काय सांगतोस? मी हुतोच की तिथं. पोराला सांग माझ्या.”

“तुम्हीच का नाही सांगितलं त्याला?”

“मी सांगून काय? बाप म्हणणारच, चूक माझी न्हाय.” त्यांनी काच खाली केली आणि घमेलं फिरवून घेतलं. मी जावं असा त्याचा अर्थ होता.

दुसऱ्या दिवशी इचलकरंजीला गेलो. शेड शोधायला दुपार झाली. आत शिरलो तर दोन्ही बाजूंना मागांच्या रांगा आणि असा खडखडाट, की स्वतःचं खोकणंही ऐकू येईना. तो चार माग सांभाळत होता. केसांत कापसाचा धुरळा बसून तो माझ्याहून मोठा दिसत होता. मला बघून त्याने नुसती हनुवटी उचलली, काय म्हणून. बाहेर चल असं मी खुणावलं तर त्याने मान हलवली.

मी त्याच्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं. त्याचे हात थांबले. ऐकू आलं होतं. तरी त्याने माझ्याकडे बघत बोट कानाला लावलं. मी मोठ्याने सांगितलं. शेजारच्या मागावरचे दोघं वळले. त्याने पुन्हा बोट कानाला लावलं. मग मी दोन रांगांच्या मध्ये उभा राहिलो आणि नरड्याच्या शिरा ताणून ओरडलो, की गाडीला चासी नाही हे तुझ्या बापाने मला सांगितलं होतं, चॅनेल टाकायला मी नको म्हणालो, जोड सुटला नव्हता, शेजारचा पत्रा फाटला होता, आणि हे मला त्याच दिवशी माहीत होतं. बोळात जेवढी माणसं जमली होती त्याहून जास्त माणसं माझ्याकडे बघत होती.

त्याने एकेक करून चारही माग बंद केले. खिळ्यावरचा शर्ट काढून अंगात घातला आणि शेडच्या दारात येऊन मला विचारलं, कोल्हापूरची एसटी किती वाजता आहे. मुकादम मागून काहीतरी ओरडत होता, त्याकडे त्याने बघितलंही नाही.

एसटीत आम्ही शेजारी बसलो. तो मला शिव्या देईल म्हणून मी तयारीत होतो. दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

“म्हंजे डोळे चांगलेच हुते अब्बांचे,” तो हातकणंगल्याला म्हणाला.

मी हो म्हणालो.

तो खिडकीबाहेरच्या उसाकडे वळला. मग म्हणाला, “तवा ‘तुमचे डोळे गेलेत’ म्हणताना माझं तोंड बी त्यास्नी नीट दिसलं असंल.”